पदकासोबतचा कागद

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या धंद्यातले मजेदार किस्से लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं हवं असतं." मी हो म्हणालो. चाळीस वर्षं जुन्या वस्तूंच्या लिलावांत काढली आहेत, किस्स्यांना तोटा नाही. दोन लिहूनही काढले. पण लिहिताना सारखा तिसराच डोक्यात येत राहिला, आणि तो मजेदार नाही. शेवटी तोच पाठवतो आहे. छापायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

आधी धंद्याबद्दल. जळगावात आमचं भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नवं भांडं घ्यायला येताना जुनं पितळ-तांबं मोडीत द्यायला आणायचं. एकदा त्या मोडीत चांदीच्या मुठीची एक काठी आली. वडिलांनी मूठ उपटून तराजूत टाकली आणि काठी कोपऱ्यात भिरकावली. ती मी उचलली. मलायाकडचा अस्सल वेत होता, मधासारखा रंग, एकही जोड नाही. मूठ तोवर वितळायला गेली होती. मूठ आणि वेत एकत्र राहिले असते तर त्या काठीला चांदीच्या दसपट किंमत आली असती, हे मला पुढे पाच वर्षांनी कळलं. माझं शिक्षण असं नुकसानीपासून सुरू झालं.

जुन्या वस्तू म्हटलं की लोकांना झुंबरं आणि शिसवी पलंग आठवतात. मी त्या वाटेला गेलो नाही. हातात मावेल तेवढंच घ्यायचं असं ठरवलं. चालायच्या काठ्या, हातपंखे, पदकं, अत्तरदाण्या, अडकित्ते. धुळे-जळगावात कुणाचं घर रिकामं व्हायला निघालं, एखादी जुनी संस्था मोडीत निघाली, की लिलाव पुकारायलाही मलाच बोलवायचे. मुंबईच्या मोठ्या लिलावांना मी खरेदीदार म्हणून जायचो.

काठी बघताना मूठ शेवटी बघायची, आधी टोक. टोकाला लोखंडी किंवा पितळी टोपी असते. खरा चालणारा माणूस काठी किंचित तिरकी टेकतो, म्हणून टोपी एकाच बाजूने झिजते. सगळीकडून सारखी झिजलेली असेल तर ती कुणीतरी कानशीने घासून जुनी केली आहे असं समजावं. घडीचा पंखा झटक्यात उघडायचा नाही, शंभर वर्षांचं रेशीम घडीवरच फाटतं. आणि पदक समोरून बघायचं नाही. समोर राजाचा चेहरा असतो, तो सगळ्या पदकांवर सारखाच. पदक आडवं धरून त्याची कड बघायची. ज्याला दिलं त्याचा नंबर, नाव आणि पलटण कडेवर ठोकलेली असते.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वस्तूचा माग. ती कुणाकडून कुणाकडे गेली हे जेवढं मागेपर्यंत सांगता येईल तेवढी किंमत वाढते. त्यातून एखादा कागद सोबत असेल तर बघायलाच नको. पदक एकटं असेल तर ते नुसतं धातूचं चकतं. त्याच्याबरोबर त्या माणसाचा कागद असला की संग्राहक वेडे होतात.

या धंद्यात माणसं कशी वागतात त्याचा एकच नमुना सांगतो. पारोळ्याला एका निवृत्त मामलेदारांच्या मागे घरातल्या सामानाचा लिलाव होता. त्यांचे दोन मुलगे कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वडिलांच्या काठीवर दोघेही बोली लावायला लागले. काठी साधी होती, पण आकडा चढतच गेला. शेवटी थोरल्याने घेतली, रोख मोजले, आणि सगळ्यांसमोर गुडघ्यावर ठेवून तिचे दोन तुकडे केले. धाकटा पुढे आला, मुठीकडचा तुकडा उचलून त्याने मला विचारलं, "याचे काय घ्याल?" मी म्हटलं, घेऊन जा. असले प्रसंग मी मित्रांना सांगायचो आणि आम्ही हसायचो. दुसऱ्यांच्या घरातलं होतं म्हणून हसू यायचं.

आता मूळ गोष्ट.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी मी महिन्यातून एकदा पिंपळनेरच्या आठवडी बाजाराला जायचो. तिथल्या एका भांडेवाल्याच्या ओट्यावर बसायचो. आसपासच्या पाड्यांवरच्या लोकांना माहीत झालं होतं की जळगावचा भाऊ जुनंपानं घेतो. एका दुपारी एक माणूस बराच वेळ लांब उभा राहिला. चाळिशीचा, काटक, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हातावर असतात तसे वार हातावर. गर्दी हटल्यावर जवळ आला. नाव रामा पवार. रुमालाच्या गाठीतून त्याने एक काळपट चकती काढली.

"भाऊ, हाई तांबं शे का?"

मी चकती आडवी धरली. कडेवर नंबर होता आणि नाव होतं, गोमा. पुढे मजूर पलटणीची अक्षरं.

"हे कोणाचं?"

"मना आजानं शे. तो गोऱ्यास्ना लढाईमा गयथा."

पहिल्या महायुद्धात खानदेशातून भिल्ल मजुरांच्या टोळ्या बोटीने फ्रान्सला नेल्या होत्या. तिथे त्यांनी रस्ते केले, रूळ टाकले, बोटींतलं सामान उतरवलं. लढाई संपल्यावर पदकं वाटली. ज्यांच्या हाती बंदूक होती त्यांना चांदीचं, ज्यांच्या हाती फावडं होतं त्यांना काशाचं. राजाचा चेहरा दोन्हींवर तोच. गंमत अशी की आज ते काशाचं पदक चांदीच्यापेक्षा महाग आहे, कारण बहुतेक घरांनी ते मोडीत घालून टाकलं. आमच्या वडिलांसारख्यांच्या तराजूतच गेली असणार ती.

रामाने कनवटीची मेणकापडाची पिशवी काढली. तिच्यात चार घड्यांचा एक कागद होता. पलटणीतून सुटका झाल्याचा दाखला. छापील इंग्रजी, मधल्या जागा शाईने भरलेल्या. मी तो उलगडून त्याला मोठ्याने वाचून दाखवला. नाव गोमा, बापाचं नाव सुक्या. गावाचं नाव, तालुका, जिल्हा पश्चिम खानदेश. जात भिल्ल. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर जुनी जखम.

रामाचा चेहरा एकदम उजळला. "हा, हा! भुवईवर व्रण व्हता त्याले. मना बाप सांगे."

त्याला मुलीला आश्रमशाळेत घालायचं होतं. सगळं सरकारी असतं, पण पत्र्याची पेटी घरची लागते, दोन कपडे लागतात. म्हणून पदक विकायला काढलं होतं. मी किंमत सांगितली, ती त्याने कल्पना केली होती त्याच्या कितीतरी पट होती. तो खूश झाला. मग कागदाची घडी घालत म्हणाला, "कागद माले राहू द्या ना भाऊ. पदक ल्या."

हा क्षण मी इतक्या वेळा आठवला आहे की आता त्यात काय घडलं आणि मी मागाहून काय घातलं ते मलाच सांगता येत नाही. पण बोललो ते शब्द पक्के आठवतात. मी म्हटलं, "तुला इंग्रजी वाचता येतं का? घरी उंदीर कुरतडतील. माझ्याकडे नीट राहील." तो घुटमळला. मग मी म्हटलं, "कागद नसेल तर पदकाचे निम्मेच देता येतील."

त्याने कागद दिला. त्याच भांडेवाल्याकडून त्याने हिरव्या रंगाची पेटी घेतली आणि डोक्यावर ठेवून गेला. मी त्याला चहा पाजला होता, माझं कार्ड दिलं होतं. चांगलं वागल्याचं समाधान घेऊन मी परतीच्या एसटीत बसलो.

पावती दिली नाही. खेड्यात आम्ही कुणीच देत नसू. डायरीत फक्त लिहिलं, 'पिंपळनेर बाजार, एक माणूस, मजूर पलटण पदक, कागदासह.' नाव मुद्दाम नाही लिहिलं. डायरी दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हाती लागली तर तो थेट त्या घरी पोचतो. आणि नाव कुठेच नसलं की विकणाराही पुढे किमतीवरून वाद घालायला येत नाही.

आठवड्याच्या आत ते पदक जळगावच्या एका डाळमिलच्या शेठजींकडे गेलं. शेठजींचं घराणं चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं. पांढरंशुभ्र धोतर, मिलमध्ये कडक, पण घरातल्या मागच्या खोलीत काठ्या-पंख्यांत रमणारे. त्यांनी भिंग लावून कागद वाचला आणि म्हणाले, "भाऊ, पदक तर दुसरं पण मिळेल. हा कागद कुठून मिळणार?" माझ्या नजरेचं असं कौतुक करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

वर्षं गेली. शेठजी वारले. मुलांना त्या खोलीत रस नव्हता, त्यांना तिथे ऑफिस करायचं होतं. सगळा संग्रह मुंबईच्या लिलावात द्यायचं ठरलं आणि यादी करायला मलाच बोलावलं. मीच काठ्यांचे गट पाडले, पंखे कागदात गुंडाळले. सात पदकांचा एक गट केला, त्यात गोमाचं पदक कागदासह घातलं. सामान मुंबईला गेलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, श्रावण संपता संपता, रामा माझ्या दुकानात आला. केस पिकले होते. सोबत मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची, कविता. ती उभ्या उभ्या दुकान बघत होती. एका काठीच्या मुठीवर बोट फिरवून म्हणाली, "काका, हे म्हशीचं शिंग आहे ना?" मी ती काठी गव्याच्या शिंगाची म्हणून विकायला ठेवली होती. मी म्हटलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "चपटं आहे त्यावरून. आम्हाला आत्ताच शिकवलंय."

ती मराठवाड्यात गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात होती. कॉलेज सुरू होऊन महिना झाला होता. तिच्या पाड्यावरून इतकी शिकलेली ती पहिलीच. जागा आदिवासींसाठी राखीव होती आणि जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची होती. तिथे गाडी अडली होती. रामा लहानपणी दोन वर्षं शाळेत गेला होता. शाळेतल्या गुरुजींनी पवार हे आडनाव बघून जातीच्या रकान्यात 'हिंदू मराठा' लिहून टाकलं होतं. समितीने विचारलं होतं की बाप मराठा तर मुलगी भिल्ल कशी. स्वातंत्र्याच्या आधीचा कागद दाखवा. त्यांच्या घरात त्याआधी कुणी शाळेत गेलं नव्हतं, जमीन नव्हती, कागद कुठून असणार?

"बाबांना तुमची आठवण झाली," कविता म्हणाली. "तुम्ही त्यांना कागद वाचून दाखवला होता. त्यात जात लिहिलीय म्हणाला होतात."

"बठ्ठं लिखेल व्हतं," रामा म्हणाला. "तुमी म्हनले व्हतात, नीट राहीन."

मी विचारलं, मुदत किती आहे? ती म्हणाली, बावीस दिवस.

कागद मुंबईत होता. लिलाव नऊ दिवसांवर होता.

मी त्यांच्यासमोरच शेठजींच्या थोरल्या मुलाला फोन लावला. तो सभ्य माणूस आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, करार झालाय. यादी छापून जगभर गेलीय. आता काढता येणार नाही. आणि तो गट तर तुम्हीच केलात." मुंबईच्या लोकांना फोन केला. ते म्हणाले, झेरॉक्स देऊ शकतो. पण समितीला अस्सल कागद हवा होता.

रामा जमिनीकडे बघत बसला होता. मी म्हटलं, "मी जातो. मी घेऊन येतो." कविता म्हणाली, "काका, आम्हाला ते परवडणार नाही." मी म्हटलं, तो प्रश्न माझा.

माझ्या स्वतःच्या अकरा काठ्या होत्या. चाळीस वर्षांत कधीही विकायला न काढलेल्या. धुळ्याचे एक डॉक्टर दरवर्षी मागायचे आणि मी दरवर्षी हसून टाळायचो. दुसऱ्या दिवशी त्या चादरीत गुंडाळून धुळ्याला नेल्या. घाईत विकणाऱ्याला काय भाव मिळतो ते मला माहीत होतं, कारण आयुष्यभर मी घाईत विकणाऱ्यांकडूनच घेत आलो होतो. डॉक्टरांनी एकदाच विचारलं, "सगळ्या?" मी मान हलवली.

लिलावाच्या दिवशी सभागृहात पुण्याचा एक व्यापारी दिसला. मजूर पलटणीच्या पदकांवर त्याचा डोळा असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्याला बाजूला घेऊन सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, या एका गटावर हात वर करू नकोस. बाकी सहा पदकं नंतर तुला देतो.

त्याने शांतपणे ऐकलं आणि हसला. "भाऊ, अमळनेरच्या त्या पंख्याच्या वेळी तुम्ही मला काय सांगितलं होतं आठवतं? मालकीणबाई मरणपंथाला लागल्यात, त्यांना जाण्याआधी पंखा परत हवाय म्हणून. मी थांबलो होतो तेव्हा. महिन्याभरात तो पंखा मी शेठजींकडे बघितला."

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. खरं होतं ते.

गट पुकारला गेला. आम्ही दोघेच राहिलो. तो मला ओळखून होता, त्यामुळे मी जितका सोडत नव्हतो तितकी त्याची खात्री वाढत होती की कागदात काहीतरी मोठं आहे. आकडा कुठच्या कुठे गेला. अकरा काठ्यांचे पैसे संपले, वर बायकोने बाजूला टाकलेले लागले. मग तो थांबला. हातोडी पडली. मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली.

कागद हातात घेतला आणि आधी घड्या तपासल्या. शेठजींनी तो अगदी नीट ठेवला होता. नव्या घडीचीही खूण नव्हती. गाडीतून मी कविताला फोन केला. तिने दोनदा विचारलं, अस्सलच ना? मग म्हणाली, "काका, मी परवा हाडांच्या परीक्षेला बसते. मग येते."

सुनावणीला आम्ही तिघे गेलो. समोर अधिकारी बाई होत्या. त्यांच्याविषयी मला वाईट लिहायचं नाही. त्या चिडल्या नाहीत, घाई केली नाही, सगळ्यांना बसायला सांगितलं. कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला. त्यांची बघण्याची पद्धत मला आवडली. आमच्यातला जाणता बघेल तसाच.

"कागद खरा दिसतो," त्या म्हणाल्या. "पण हा यांच्याच आजोबांचा कशावरून?"

मी म्हटलं, "मी यांच्याकडून घेतला होता, तेरा वर्षांपूर्वी. मग शेठजींकडे गेला. आता लिलावात परत घेतला. लिलावाची पावती ही."

"लिलावाची पावती दिसतेय. तुम्ही यांच्याकडून घेतला त्याची?"

"नाही."

"कुठे नोंद?"

मी डायरी पुढे केली. त्यांनी वाचलं. "एक माणूस. नाव नाही."

"नाही."

"का लिहिलं नाही?"

खोटं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. बाजारातल्या दुसऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून, आणि विकणाऱ्याने पुढे काही मागू नये म्हणून. कागद हा माणूस स्वतःकडे ठेवू म्हणत होता, तेही सांगितलं. कविता माझ्याकडे वळून बघायला लागली. हे तिला ठाऊक नव्हतं. रामाने घरी कधी सांगितलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "अशा कागदांचा बाजार चालतो, तुम्हाला माहीत असेल. परक्याच्या आजोबाचा दाखला विकत घेऊन लोक इथे येतात. खऱ्यांची जागा खोटे घेतात म्हणून तर आम्ही बसलोय. हा कागद यांच्या घरातून आला असता तर गोष्ट वेगळी होती. हा आता लिलावातून आलाय."

रामा एकदम उभा राहिला. मराठी जुळवत, अडखळत म्हणाला, "बाई, माझ्या आजाच्या डाव्या भुवईवर व्रण होता. माझा बाप सांगायचा."

बाईंनी कागदावर तो मजकूर शोधला. "हे कागदातही आहे, दादा. कागद वाचून कुणीही सांगेल."

"मले इंग्रजी येत नाही."

"कुणी वाचून दाखवलं असेल."

रामाने माझ्याकडे बघितलं. वाचून मीच दाखवलं होतं.

माग हा शब्द मी चाळीस वर्षं वापरला. वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, मधला एक हात गहाळ असला की वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी नव्या लोकांना शिकवायचो. इथे मधला गहाळ हात माझा होता.

प्रकरण गावात जाऊन चौकशीसाठी पाठवलं गेलं. चौकशीला वेळ लागतो. मुदत संपली. कॉलेजने प्रवेश रद्द केल्याचं पत्र दिलं. एका सकाळी कविताचा फोन आला. "काका, आज सही करून आले. खोली रिकामी केली." मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "बरं, ठेवते. बस लागलीय."

शिक्षणाची ती साखळी तुटली ती तुटलीच. पडताळणी मात्र झाली, तीन वर्षांनी. तहसिलात जुनं कोतवाल बुक सापडलं, म्हणजे गावात कोण जन्मलं कोण मेलं त्याची पूर्वीची वही. मोडी लिपीतली. एका निवृत्त तलाठ्यांनी ती महिनाभर बसून वाचली आणि रामाच्या बापाच्या जन्माची ओळ काढली. बापाचं नाव गोमा, जात भिल्ल. दाखला मिळाला. तोवर कविताचं वय निघून गेलं होतं असं नाही. परीक्षा परत देता आली असती. पण मधल्या तीन वर्षांत ती एकदा ऊसतोडीला जाऊन आली होती, रामाची कंबर गेली होती, आणि पुस्तकं कुणाला तरी देऊन झाली होती.

पदक आणि कागद मी रामाच्या घरी नेऊन दिले. त्याने घेतले. बाकीची सहा पदकं पुण्याच्या त्या व्यापाऱ्याला विकली. त्याने कागदाचं पुढे काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी खरं बोलत होतात." त्यानंतर मी पदकांना हात लावलेला नाही. काठ्या-पंखे घेतो, पण पावतीशिवाय नाही, विकणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय नाही. त्यामुळे धंदा निम्म्यावर आला. लोक नाव द्यायला घाबरतात.

गेल्या थंडीत मी त्यांच्या पाड्यावर गेलो होतो. कविता आता पशुसखीचं काम करते. पाड्या-पाड्यांवर फिरून शेळ्यांना लस टोचते, जंताचं औषध पाजते, शेळी अडली तर बाया तिलाच बोलावतात. मी गेलो तेव्हा ती अंगणात बसली होती. बाजूला लशीचा निळा डबा, समोर बायका शेळ्या धरून उभ्या. तिच्या हाताला सफाई आली होती. शेळीला कळायच्या आत सुई बाहेर.

रामाने चहा आणून दिला. मी तिच्याजवळ दगडावर बसलो. बराच वेळ ती कामात होती. मग मीच विचारलं, "परत बसणार नाहीस परीक्षेला?"

"आता नाही, काका."

"तुझा राग आहे का माझ्यावर?"

तिने सुई बदलली. "होता. आता रोज लक्षात राहत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या जागेवर जी आली ना, तिचं नाव मला माहीत आहे. यादीत बघितलं होतं. आता शेवटच्या वर्षाला आहे."

तिने ओढणीला हात पुसून फोन काढला आणि मला फोटो दाखवला. पांढरा कोट घातलेली एक सावळी, हसरी मुलगी, शेजारी गाय.

"हिलापण घरून काही नाही. यवतमाळकडची आहे," कविता म्हणाली. "मागे इथे एका गाभण शेळीला ताप होता. लस द्यावी की थांबावं कळेना. जवळ विचारायला कुणी नव्हतं. मग हिलाच मेसेज केला, मी पशुसखी आहे, असं असं झालंय म्हणून. तिने लगेच सगळं लिहून पाठवलं. वर लिहिलं, ताई, कधीही विचारा."

"तू कोण ते तिला सांगितलंस?"

"नाही. कशाला?" ती म्हणाली. "तिचा अभ्यास बिघडेल."

आणि तिने पुढच्या शेळीचा कान धरून तिला जवळ ओढलं.